खोडलेली पाचवी सूचना

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद मी संतापून लावतो आहे.

मी कुसगावजवळच्या दगडखाणीत कारकून. सुरुंग कसा लावायचा ते क्रमवार लिहून काढ, असा साहेबांचा हुकूम झाला. मला सुरुंगातलं काय कळतं? बेडशाचे धोंडूभाऊ वीस वर्षं सुरुंग लावतात. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं.

पाचव्या सूचनेला त्यांनी माझा हात धरला. "ह्ये नीट लिवा. सुरुंग उडला न्हाई, तर त्या दिशी तितं कुनी जायाचं न्हाई."

आज साहेबांनी नेमकी तीच ओळ लाल पेन्सिलीने खोडली. "दिवसभर खाण बंद ठेवू काय?"

शिवाय कागदाच्या शेवटी मला 'वाचले, समजले' असं लिहायला लावून त्याखाली धोंडूभाऊंचा अंगठा घेतला. त्यांना अक्षरओळख नाही! उद्या कोणी मेलं, तर साहेब तो अंगठा दाखवून मोकळे.

शाई पुसत धोंडूभाऊंनी मला विचारलं, "ते पाचवं हाय न्हवं त्यात?"

साहेब समोर होते. मी हो म्हणालो.

साहेबांपेक्षा जास्त राग मला माझाच येतो आहे. मी आत्ता बेडशाला निघालोय, धोंडूभाऊंना खरं सांगायला. वर लिहिलेली पाचवी सूचना खाणीवरच्या बाकीच्यांना तुम्ही वाचून दाखवाल का?