विहिरीतलं वेगळं, खाडीतलं वेगळं

आरोंदेकरांनो, आपलं पाणी दुसऱ्यांनी नासवलं म्हणून आपण वर्षानुवर्षं बोंबलत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं.

जी एक ऐकायला आली, ती काल सावंतवाडीच्या हॉस्पिटलात वारली.

मालिनीताई. आपल्याच गावची लेक. मुंबईत रसायनशास्त्रात पीएचडी, मग सगळं आयुष्य लॅबमध्ये. पाण्यात विरघळलेले पदार्थ एकेक करून वेगळे काढायचे, त्यांच्यावर प्रकाश टाकून कोण किती आहे ते मोजायचं, हा तिचा रिसर्च. परदेशातली माणसं तिचे पेपर वाचत.

गावात मात्र ती नुसती 'डॉक्टरीण'.

"ताई, गुडघो दुखता, जरा बघशात?"
"मी पाण्याची डॉक्टर रे. गुडघ्यात पाणी झाला तर ये."

तुझं काम नेमकं काय, असं मी एकदा विचारलं.
"सोलकढी झाली की नारळाचो रस खंयचो नि सोलाचो खंयचो, ता सांगूक येता तुका? माका येता."

रिटायर होऊन ती गावी परतली तेव्हा सार्वजनिक विहिरीच्या पाण्याने घरोघर पोटं बिघडत होती. लहान मुलांचे हाल बघवत नव्हते.

खाडीच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना. आरोपी ठरलेला होता. पुरावा तेवढा हवा होता.

आम्ही विहिरीचं पाणी ताईकडे पोचवलं. तिने ते आपल्या जुन्या लॅबमध्ये तपासायला लावलं. रिपोर्ट आला: तांबं भरमसाट.

मी सभा लावली. बॅनर छापले. माझं भाषण तयार होतं आणि ते जहाल होतं.

सभेआधी ताई देवळात आली. पाणी पोचवणाऱ्या आबांना तिने एकच प्रश्न केला.
"आबा, पाणी कशातसून हाडलास?"
"तांब्याच्या कळशेतसून! तुमच्याकडे न्हेवचा म्हणान सोलांनी घासून लखलखीत केलंय, नि आदल्या दिवशीच भरून ठेवलंय."

ताई कपाळाला हात लावून हसली.
"मगे ता तांबा कळशेचा. विहिरीचा न्हय."

मी म्हटलं, "ताई, कारखाना दोषी आहे हे शेंबडं पोरही सांगेल. लोक जमलेत. आज हा कागद चालू दे."

"उद्या त्यांचो वकील ह्याच इचारीत. मगे काय सांगशीत? तू भाषणात कायव बोल. माज्या कागदार खोटा नको."

सभा रद्द झाली. कारखान्याने बाई विकत घेतली, असं लोक उघड बोलले.

पुढच्या आठवड्यात ताई स्वतः निघाली. ॲसिडने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. होडीतून खाडीचं पाणी घेतलं, मग विहिरीचं.

दोन बाटल्या, दोन निकाल.

खाडीत कारखान्याचा रंग सापडला. त्या कागदाला त्यांच्या वकिलाला भोकही पाडता आलं नाही. त्यांना सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवावी लागली. त्या विजयाचे हार मीही घातले, तुम्हीही घातले.

विहिरीत रंगाचा मागमूस नव्हता. तिथे नायट्रेट होतं, तान्ह्या बाळांना धोका होईल इतकं. ते झिरपत होतं विहिरीला खेटून बांधलेल्या भक्तनिवासाच्या संडासाच्या टाकीतून.

ती टाकी आपण बांधली. वर्गणी काढून. नारळ फोडून.

देवस्थानची टाकी हलवायची तर आधी कौल घेऊ, असं ठरलं.
ताई म्हणाली, "घेवा. पण देवाक इचारताना टाकी खंय आसा ता पण सांगा."

कौल अजून लागलेला नाही. दर वेळी कुणी ना कुणी पुढे ढकलतं. ज्यांना परवडतं ते विकतचं पाणी पितात. बाकीच्या घरांतल्या बाळांच्या तोंडी आजही तीच विहीर लागते.

परक्याचं पाप मोजून दिलं तेव्हा आपण तिला डोक्यावर घेतलं. आपलं मोजून दिलं तेव्हा तिच्या ओट्यावर जाणंच सोडलं. तिचं यंत्र दोन्ही वेळा सारखंच चाललं होतं.

ताई, तुला गावाचा नमस्कार. सावकाश जा.

आणि गावकऱ्यांनो, तिच्या फोटोखाली नुसते हात जोडून थांबू नका.
रविवारी ग्रामसभा आहे. टाकी विहिरीपासून हलवायचा ठराव मी मांडणार आहे.
या, आणि हात वर करा.