दाजींनी लावलेलं भिंग

फोन आला तेव्हा मी जाफराबादला एका दुकानदाराच्या जिन्याला कठडा बसवत होतो. ड्रिल मशीन चालू असल्यामुळे आधी वाजलेलं कळलंच नाही. उचलला तर ताई. म्हणाली, "गजू, जल्दी ये. हे उठून न्हाई राह्यले." एवढंच. मला वाटलं, दाजींची कंबर धरली असेल. उठता-बसता कण्हायची त्यांना सवयच होती, आणि कण्हून झालं की जगाला शिव्या द्यायची. मी म्हटलंसुद्धा, "बाम लाव, येतो मी संध्याकाळी." पलीकडून ताईनं नुसतंच "गजू" म्हटलं... आणि मग मला कळलं. जालन्यापर्यंत जीपमध्ये कसा बसून आलो ते आठवत नाही. शेजारच्या बाईच्या मांडीवर पिशवीत कोंबडी होती, ती मात्र आठवते.

सोपानदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. एमआयडीसीत आमचं दोघांचं पत्र्याचं शेड आहे आणि त्यात दोन मशिनी. मोठी लेझर कटिंगची, लोखंडाचे नि स्टेनलेसचे पत्रे कापणारी, ती माझ्याकडे. दुसरी कोपऱ्यातली, टेबलाएवढी, लेझर वेल्डिंगची. तिच्यावर दुर्बिणीसारखी दोन भिंगं आहेत. त्यात डोळे घालून बसायचं आणि खाली केसाएवढा सांधा जोडायचा. साच्यांच्या तुटलेल्या कडा भरायला म्हणून घेतली होती. तिच्यावर राज्य दाजींचं. माणूस कष्टाळू होता, गुणी होता, पण नम्र बिलकुल नव्हता. "जिल्ह्यात माझ्यासारखा सांधा लावणारा दुसरा असंल तर आणून दाखवा," हे गिऱ्हाइकाचा चहा यायच्या आधीच सांगून मोकळे व्हायचे. खोटं नव्हतं ते, पण माझे कान किटले होते.

आणि गिऱ्हाइकाला फोकस समजावून सांगायची भारी हौस! समोरचा गेट करून घ्यायला आलाय, त्याला काय करायचंय? पण नाही. "लहानपणी भिंगानं कागद जाळला व्हता का? भिंग जरा वर धरलं, कागद नुसता कोमट. जरा खाली, तरी कोमट. मधी एकच जागा, तिथं भस्सकन धूर. आपला सगळा धंदा त्या एका जागेचा हाय." आता हे खरंच आहे. स्टेनलेसचा पत्रा कापताना ती जागा पत्र्याच्या पोटात ठेवावी लागते. वर राहिली तर कड वरून गुळगुळीत दिसते आणि खालून दात धरते. जाड लोखंडाला ऑक्सिजनवर कापायचं तर उलट, ती जागा वरच धरायची. मी पत्रा कापून खाली ठेवला की दाजी कोपऱ्यातून उठून यायचे, तुकडा उलटा करायचे, खालच्या कडेवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "गजा, खाली घे. जरा खाली." अहो दाजी, तोच पत्रा, तीच मशीन, सकाळीच बघून गेला होतात ना? पण नाही, अंगठा फिरलाच पाहिजे. मी चिडायचो. आता मी तुकडा कापून ठेवतो, उलटा करतो आणि थांबतो. मागे कुणी येत नाही. मानेमागे मात्र कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, आणि कड चांगली असली तरी मी फोकस जरासा खाली घेतो. सांगायला लाज वाटते, पण घेतो.

आता टाकाचं सांगतो. दाजींचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन लांब चारणीला गेले ते तिकडेच वारले. देहसुद्धा घरी आला नाही. दाजी तेव्हा पाळण्यात. फोटो एकही नाही. या लोकांत गेलेल्या माणसाचा टाक करतात, म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली मूर्ती, दोन बोटं रुंद, आणि तो देवांच्या टाकांशेजारी देवघरात बसवतात. वडिलांचाही केला होता. घोड्यावर बसलेला माणूस, हातात काठी. सोनाराच्या ठशातला, कुणाचाही असेल असा. पण दाजींच्या आईला, माईंना, नवरा म्हणून तेवढाच उरला होता. रोज धुणं, पुसणं, बोटानं कुंकू लावणं; असं करता करता चांदी इतकी झिजली की यंदा मानेपासून खाली चीर गेली.

भंगलेला टाक पूजेत ठेवत नाहीत. दाजींचे चुलते म्हणाले, नदीत सोडून द्या आणि घट बसायच्या आत नवा करून आणा. माई ऐकेनात. "नवा आणला तर त्यो सोनाराचा. ह्यो माझा हाय," म्हणाल्या. सोनारानं हात वर केले. पत्रा कागदासारखा झालाय, डाग द्यायला, म्हणजे चीर सांधायला, ज्योत लावली तर सगळी मूर्तीच बसेल, म्हणाला. मग दाजींनी छाती ठोकली. लेझर काय सगळा पत्रा तापवत नाही, टोचतं तेवढीच जागा तापवतं. "माई, टाक माझ्याकडं दे. मी हाय ना."

छाती ठोकली खरी, पण चांदीनं त्यांना पाणी पाजलं. चांदी म्हणजे आरसा. किरण पडला की परत फेकते, काहीच होत नाही. जोर वाढवला की एकदम वितळते आणि भोक. फोकस नेमका ठेवला तर आरपार जातो, फार सैल ठेवला तर नुसता उजेड. ताईच्या जुन्या पैंजणाच्या तुकड्यांची त्यांनी चाळण करून टाकली. ताई म्हणाली, "आता पायातले बी काढून देऊ का?" शेवटी फोकस अगदी केसभर सैल सोडून, एकेक ठिपका देत त्यांना पैंजणावर ते जमलं. त्या दिवशी शेडमध्ये ओरडलेच, मला वाटलं हात भाजला. आणि मग टाक भिंगाखाली ठेवून ते कितीतरी वेळ नुसते बघत बसले. मला म्हणाले, "गजा, माझ्या बापाला नाकच न्हाई राह्यलं रं. माईच्या बोटानं झिजलं." आवाज वेगळाच होता. मी विषय बदलला, चहा सांगितला.

या मशिनीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन्ही भिंगांना एकेक फिरतं कडं असतं. ज्याची जशी नजर, त्यानं ते आपल्या डोळ्याला जमवून घ्यायचं. उजव्या भिंगात एक बारीक काळी फुली आखलेली असते, ती लख्ख दिसेपर्यंत कडं फिरवायचं. ते न जमवता बसलात तर तुम्हाला काम एका जागी स्पष्ट दिसतं आणि किरण दुसऱ्याच जागी नेमका होतो. सांधा गेला वाया. दाजींचा उजवा डोळा कमजोर होता आणि चष्मा लावीन तर शपथ! त्यामुळे त्यांची कडी जगावेगळी फिरवलेली असायची. मी कधी त्या मशिनीवर बसलो की आमची भांडणं ठरलेली. "माझ्या कड्याला हात लावला तर हात तोडीन," म्हणायचे. पुढं पुढं मी तिकडे फिरकणंच सोडलं.

पोळ्याच्या पुढच्या दिवशी दाजी टाक जोडायला बसले. ताई डबा घेऊन शेडवर आली होती. तिच्यासमोरच ते म्हणाले, छातीत भरून आल्यासारखं झालंय, आणि पाणी प्यायला उठले. माठापर्यंत पोचले नाहीत.

तेरा दिवस घराला सुतक. सुतकात देवाला हात लावायचा नाही, म्हणून टाक तिथंच राहिला, भिंगाखाली, दाजींनी ठेवला होता तसाच. चीर अर्धी जोडलेली. त्यांची खुर्ची मागं सरकलेली. मी शेड उघडायचो, मोठी मशीन चालवायचो आणि त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभा राहायचो. पाठीला कळायचं की तिथं कुणी बसलंय. तेराव्याला चुलते परत म्हणाले, "आता तर करणारा बी गेला. सोडून द्या टाक." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माईंनी नाही बघितलं, त्या खाली बघत होत्या. मी म्हणालो, मी बघतो.

बघतो म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी दाजींच्या खुर्चीत बसलो आणि भिंगात डोळे घातले... डावीकडे धूसर चांदी, उजवीकडे नुसतं धुकं, फुलीच्या जागी काळपट डाग. हे माझं दिसणं नव्हतंच. एक माणूस जगाकडे जसा बघत होता तसं ते तिथं थांबलेलं होतं, आणि मी चोरासारखा आत डोकावत होतो. जोडायचं तर कडी माझ्या डोळ्याला फिरवायला हवीत. फिरवली की दाजींची नजर पुसली. ताईला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "मार्करनं खूण करून ठेव की." केली. पण खुणेवर परत आणलेलं कडं मी आणलेलं असणार, दाजींनी ठेवलेलं नाही. मी उठलो. पितृपंधरवडा लागला तरी माझा हात होईना. रोज बसायचो, रोज तेच धुकं बघून उठायचो.

टाक आज माईंच्या देवघरात आहे, घटाला बसला होता आणि भावकीत कुणी ब्र काढला नाही, हे आधीच सांगून टाकतो. भिंगातून बघितलं तर त्यावरचे दाजींचे ठिपके सारखे आहेत आणि माझे कोंबडीनं टिपल्यासारखे. ते राहू द्या. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

घट दोन-चार दिवसांवर आले तेव्हा ताई माईंना घेऊन शेडवर आली. माई पहिल्यांदाच तिथं येत होत्या. मशीन बघून म्हणाल्या, "इथं बसायचा का?" मी हो म्हटलं. त्या दाजींच्या खुर्चीत बसल्या. "मला दाखीव." मी म्हटलं, "माई, काही दिसायचं न्हाई. मलाच दिसत न्हाई, दाजींच्या डोळ्याला लावलेलं हाय ते." त्यांनी ऐकलं नाही, पदर सावरून भिंगात डोळे घातले. ताई नि मी शेजारी उभे. मला वाटलं, आता मान वर करतील आणि रडतील.

मान वर झालीच नाही. तशाच वाकून म्हणाल्या, "दिसतंय की."

"काय दिसतंय, माई?"

"समदं. मधी बारीक काळी फुली हाय. नाक न्हाई राह्यलं त्यांना. मानेवरनं चीर आलीय. तिच्यावर ठिपके हायेत, मोहरीवाणी, एकाला एक लागून... इथवर." त्यांचं बोट आपोआप स्वतःच्या खांद्यावर गेलं. "इथं थांबलाय त्यो."

ताईनं माझा दंड धरला. मी कशालाच हात लावलेला नव्हता.

माईंनी डोळे वर केले. उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, डावा कोरडा होता. म्हणाल्या, "डोळा माझ्यावर गेल्ता त्याचा. शाळेत मास्तरनं सांगितलं तवाच मला कळलं व्हतं, कुणाचा आलाय ते." मग खुर्चीचा हात धरून उठल्या. "फिरव आता. जोड त्यांना."

मी म्हणालो, "माई, फिरवलं की दाजींचं बघणं गेलं. मंग इथं त्यांचं काहीच राहत न्हाई."

"असं कसं?" माई म्हणाल्या. "मी हाय तवर हाय की."

त्या बाहेर जाऊन ताईबरोबर दाराशी बसल्या. मी खुर्चीत बसलो आणि उजवं कडं दोन बोटांत धरलं. इतके दिवस कुणी हात लावला नव्हता, मला वाटलं होतं घट्ट झालं असेल, जोर लावावा लागेल. ते अगदी अलगद फिरलं.