विकणाऱ्याने मध्ये बोलू नये

आमच्या घरात जुनी वाहनं मी निवडते आणि नवरा ढकलतो. ही कामाची वाटणी कोणी बसून ठरवली नव्हती. पहिल्या जुन्या मोटारीने ती पाडून दिली. ती मोटार मीच तेवीस मुद्द्यांची यादी करून पसंत केली होती. बोईसरच्या पुलाचा चढ, मनोरचा बाजार, बेटेगावचं वळण, जिथे जिथे ती थांबली तिथले लोक आता नवऱ्याला ओळखतात. बेटेगावचा चहावाला तर तो दिसला की विचारतो, "काय सर, आज हात रिकामे?"

त्यामुळे मला जुनी ॲडव्हेंचर मोटरसायकल घ्यायची आहे, दिवाळीच्या सुट्टीत तुला मागे बसवून जव्हारच्या घाटाने नाशिक आणि पुढे सातपुड्यापर्यंत जायचं आहे, असं मी सांगितलं तेव्हा तो उत्तरपत्रिकांतून मान वर न करता म्हणाला, "बसेन. ढकलणार नाही."

"म्हणजे?"

"एकदा जरी ढकलायला लागलं, तर तिथून पुढे तू एकटी. मी एसटीने परत."

मला एकटीने जायचं नव्हतं. नोकरीसाठी सांगलीकडून बोईसरला आल्यापासून आम्ही दोघांनी लग्नं आणि बारशी सोडून कुठेही प्रवास केलेला नाही. तेव्हा गाडी अशी हवी होती की जी बंद पडणार नाही. यादी या वेळी एक्केचाळीस मुद्द्यांची झाली.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात आहे. कोणतं यंत्र कधी उघडायचं त्याचं वेळापत्रक माझ्याकडे असतं. नव्या कामगारांना सुरक्षेचं भाषणही मीच देते: यंत्राचं झाकण उघडं असेल तर बटण दाबूनही ते सुरू होत नाही, ते बिघडलेलं नसतं, तुमची बोटं वाचवत असतं. ही गोष्ट इथे सांगायचं कारण पुढे येईल, आणि ते मला फारसं शोभणारं नाही.

यादीच्या वर चौकटीत एक नियम लिहिला होता: तपासणी चालू असताना विकणाऱ्याने मध्ये बोलू नये. पहिल्या मोटारीच्या वेळी विकणारा फार गोड बोलला होता.

पहिली गाडी बोईसरलाच होती. मालक नवऱ्याकडे बघून म्हणाला, "भाईसाब, एकदम मक्खन. बैठ के तो देखिए."

"मैं सिर्फ धक्का देता हूँ," नवरा म्हणाला.

मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, असं मी फोनवर बजावलं होतं. थंड इंजिन कसं सुरू होतं यावरून निम्मं कळतं. इंजिनाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. "धूप से, मॅडम," मालक म्हणाला. गाडी पत्र्याच्या शेडखाली होती. पहिल्या मुद्द्यालाच फुली.

दुसरी मनोरला. मागून नीट बघितलं तर पुढचं चाक एकीकडे आणि हँडल दुसरीकडे.

"जरा पडली होती," मालक म्हणाला.

"जरा म्हणजे किती?"

"पुलावरून."

तिसरी गाडी घिवलीच्या एका मासेमाराची. पन्नाशी उलटलेला माणूस. सहा वर्षं होडीची कामं संपली की गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत एकटा फिरायचा. आता गुडघ्याने दगा दिला म्हणून विकत होता. खाऱ्या हवेतली गाडी म्हणून गंजाचे सात मुद्दे मी खास घातले होते. मी भिंग घेऊन खाली बसले. चाकाच्या तारा, साखळी, स्क्रूची डोकी, कुठेही गंजाचा ठिपका नाही. फक्त सगळीकडे तेलकट चकाकी होती आणि सुकटीसारखा वास. गाडीखाली दोन मांजरी बसून इंजिनाकडे श्रद्धेने बघत होत्या.

"होडीला लावतो ना, त्येच माशाचा तेल हाय, बाय," तो म्हणाला. "दर पंधरा दिवसांनी. गंजाची बातच नाय."

"तपासून होईपर्यंत काही बोलायचं नाही."

"बरा," तो म्हणाला आणि बर्फाच्या पेटीवर बसला.

इंजिन गार होतं. पहिल्या दाबाला सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. मी बरोबरच्या खुणा करत सुटले. एकोणचाळिसाव्या मुद्द्याला गाडीवर चढले. गाडी एवढी उंच की पाय जेमतेम टेकत होते. क्लच दाबून गिअर टाकला. इंजिन बंद.

पेटीवरच्या माणसाने एक बोट वर केलं.

"नंतर," मी म्हटलं.

पुन्हा सुरू केलं, पुन्हा गिअर, पुन्हा बंद. आता त्याचा सगळा हात वर होता, शाळेतल्यासारखा.

"ते काहीतरी म्हणतायत," नवरा म्हणाला.

"नंतर म्हणतील."

तिसऱ्यांदाही तेच. मी उतरले, पाठ फिरवून भिंतीवर कागद टेकवला आणि लाल शाईने सावकाश लिहिलं: गिअर टाकताच इंजिन बंद. दोष गंभीर. नको.

"बाय, आता बोलू?"

"आता गरज नाही. यादीत बसत नाही."

"बरा. पाच वाजता डहाणूचा एक माणूस येताय. तो तरी आयकल."

आमच्या जुन्या शंभर सीसी मोटरसायकलवरून आम्ही परत निघालो. दोनेक किलोमीटर गेल्यावर मागून आवाज आला, "स्टँड खाली होता."

"कुठला स्टँड?"

"त्या गाडीचा, बाजूचा. तो खाली असताना गिअर टाकला की इंजिन आपोआप बंद होतं. पडू नये म्हणून. तू भिंतीकडे तोंड करून लिहीत होतीस, तेव्हा त्यांनी मला सांगितलं."

मी ब्रेक लावला. "आणि तू मला आत्ता सांगतोयस?"

"बोलायचं नाही असा नियम होता."

"तो विकणाऱ्याला होता!"

"मला वाटलं, सगळ्यांना."

शंभर सीसीला असलं काही नव्हतं, हे माझं समर्थन. पण बिघडलेलं नसतं, बोटं वाचवत असतं, हे दर महिन्याला सांगणारीही मीच. त्यावर विचार करायला वेळ नव्हता. साडेचार वाजले होते. गाडी वळवली.

तो पेटीवरच बसला होता. "मी चुकले," मी म्हटलं. "आता बोला."

"आता बोलाचा नाय, बघाचा हाय. गाडी भरवशाची हाय, ती मला ठावूक. तुमचा काय ता बघू दे." त्याने किनाऱ्याकडे बोट दाखवलं. "नवऱ्याला मागं बसव नि त्या सुरूच्या झाडापरयंत जाऊन ये. वाळूतना. नाय जमला तर डहाणूवाला हायच."

खिशात त्याचा फोन वाजला. त्याने उचलला नाही.

स्टँड वर केला, नवरा मागे चढला आणि आम्ही निघालो. ओल्या वाळूत छान गेलो. झाडाजवळ कोरडी वाळू लागली आणि मागचं चाक फिरत फिरत खाली बसायला लागलं. मागे नवरा पुतळ्यासारखा. आमची दिवाळी त्या चाकाखाली जात होती.

"भाव, उतर की जरा," पेटीकडून हाक आली.

"उतरू?" नवऱ्याने विचारलं.

"तुझं तू ठरव."

तो उतरला, दोन्ही हात खिशात घातले आणि चार पावलं मागे जाऊन उभा राहिला. वजन कमी होताच मी हळूच क्लच सोडला आणि गाडी खाकरत बाहेर आली. इंजिन बंद पडलं नाही.

"उतरणं म्हणजे ढकलणं नाही," चालत येताना तो म्हणाला. "मी तुला आधीच सांगून ठेवतो."

मासेमाराने फोन काढला आणि डहाणूला कळवलं, "येव नको. गेली."

मग नवऱ्याने माझ्या हातातून पेन घेतलं. इतक्या वर्षांत त्याने माझ्या यादीत कधी काही लिहिलं नव्हतं. पेटीवर कागद ठेवून त्याने शिक्षकी अक्षरात बेचाळिसावा मुद्दा लिहिला: मागचा माणूस गरजेनुसार उतरेल. हात खिशात राहतील.

दिवाळीत जव्हारच्या घाटात तो दोनदा उतरला. नाशिकला पोचेपर्यंत आमच्या दोघांच्या कपड्यांना सुकटीचा वास लागला होता, आणि एसटी स्टँडसमोरून जाताना मी मुद्दाम वेग कमी केला. मागून आवाज आला, "चल पुढे."