विहिरीला वळसा

बातमी निकमने आणली. दुपारी वाचनालयात गर्दी नसते, मी परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होतो. निकम दारात चपला काढून उभा राहिला. वाचनालयात कुणी चपला काढत नाही, त्याने काढल्या, तेव्हाच मला काय ते समजलं. "ग्रंथपाल, ताई गेल्या," तो म्हणाला. "सकाळी चहा मागितला, अन् चहा येईस्तोवर..." मी हातातलं पुस्तक कपाटात ठेवलं. मग तोच म्हणाला, "तालमीत दुसऱ्याची एक्झिट जरा घाईत झाली तर लय बोलायच्या. अन् स्वतः बघा!" आणि त्या बातमीवर आम्ही दोघं चक्क हसलो. सुमतीताईंना ते आवडलं असतं.

सुमतीताई शाळेत संस्कृत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी जुनी संस्कृत नाटकं बसवायला घेतली. भाषांतर त्यांचंच, श्लोक तेवढे मूळ संस्कृतात. तालीम त्याच शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सहा ते आठ; प्रयोगांचा खर्च शहरातलं एक नाट्यमंडळ करायचं. त्या एकदा वाचनालयात आल्या आणि मला म्हणाल्या, "अहो ग्रंथपाल, तुम्ही कमी बोलता आणि गोष्टी जागच्या जागी ठेवता. मला असा माणूस हवाय." मी नाटकात कधी पाऊलही टाकलं नव्हतं. पण मला नाही म्हणायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात त्या निघून गेल्या होत्या. इतर सगळ्यांना त्या अरे-तुरे करत. मला मात्र शेवटपर्यंत अहो-जाहो, बहुधा पुस्तकांचा मान म्हणून.

माझं काम होतं न दिसणाऱ्या वस्तू सांभाळण्याचं. ताईंच्या रंगमंचावर नेपथ्य नसे. जुन्या नाटकात ते नव्हतंच, असं त्या सांगत. नटाने रंगमंचाला एक फेरी मारली की गाव बदललं, त्याने मान वर केली की झाड उगवलं. पण एकदा उगवलेलं झाड मग तिथेच राहिलं पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष. म्हणून माझ्याकडे चौकटींची वही होती, तिच्यात रंगमंचाचा नकाशा. मधोमध विहीर, उजवीकडे आंबा, मागे आश्रमाचं दार. दार मुद्दाम ठेंगणं, "राजाला सुद्धा वाकून आत यावं लागलं पाहिजे," म्हणून. तालमीत कुणी चुकून विहिरीवर उभा राहिला की ताई टाळी वाजवत. "बुडालास! बाहेर ये, अंग पूस, पहिल्यापासून." आणि तो खरोखर अंग पुसायचा...

निकम आमचा राजा. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर, मूळचा चांदवडकडचा, उंच आणि आवाजाने दणदणीत. पहिल्या दिवशी रथ हाकायचा प्रसंग होता. तो हात बांधून उभा. "ताई, रथ नाय हाकला कधी. बैलगाडी लय हाकली." "मग तीच हाक. बैलांना घोडे म्हण, झालं." निकमने लगाम धरले, आणि काय सांगू, चाकोरीतल्या खड्ड्यांनी त्याचे गुडघे असे काही हलू लागले की माझ्या शेजारी बसलेल्या गुरुजींनी बाकाची कड धरली. हे गुरुजी पंचवटीतले, सकाळी घाटावर यजमानांचे विधी सांगायचे आणि संध्याकाळी आमच्याकडे विदूषक व्हायचे. उच्चार इतके शुद्ध की कुणी हसेना. ताईंनी त्यांना आठ दिवस एकच काम दिलं: लाडू खायचा. न दिसणारा. "आधी त्याचा आकार ठरव. बेदाणा लागला की थांब. एवढे लाडू खाल्लेस आयुष्यात, एक आठवत नाही?" नवव्या दिवशी गुरुजींनी दाढेत अडकलेला बेदाणा जिभेने काढला आणि आम्ही सगळे हसून लोळलो. ताई म्हणाल्या, "आता बोल. आता तू काहीही बोललास तरी चालेल."

अशी दहा-बारा वर्षं गेली. माझ्या साध्या आयुष्यातली ती सर्वांत गजबजलेली वर्षं. मग एका संध्याकाळी, नवीन नाटकाच्या तालमी नुकत्याच सुरू झालेल्या असताना, ताई हॉलमधून चालत येत होत्या आणि भिंतीजवळच्या बाकाला, चांगल्या लाकडी, खऱ्याखुऱ्या बाकाला धडकल्या. सावरल्या, पुढे आल्या आणि न दिसणाऱ्या विहिरीला मात्र नेमका वळसा घालून खुर्चीत बसल्या. ते पाहून माझ्या लक्षात आलं. तालीम संपल्यावर मी विचारलं, तेव्हा त्यांनी लपवलं नाही. काचबिंदू. आता उजेड-अंधार तेवढा कळायचा. "पण हे आपल्या दोघांत राहू दे. मंडळाच्या लोकांना कळलं तर शाल-नारळ देऊन घरी बसवतील मला. आणि अहो, मला हे नाटक करायचंय." मी मान हलवली. मग ती त्यांना दिसणार नाही हे आठवून मोठ्याने "हो" म्हणालो.

त्यानंतर मी त्यांच्या शेजारी बसून हळूच सांगू लागलो, निकम आंब्यापाशी आलाय, गुरुजी दारात आहेत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला गप्प केलं. "तुम्ही कुजबुजता, त्यात मला पावलं ऐकू येत नाहीत." मी गप्प बसलो, पण धाकधूक जाईना. प्रयोग पंधरा दिवसांवर आला होता. निकम पहिली पाळी करून दमून आला होता, आणि श्लोक म्हणता म्हणता तो सरळ आंब्याच्या बुंध्यातून पलीकडे गेला. मी पाहिलं. आता सांगावं की न सांगावं, या विचारात मी वहीतल्या आंब्यावर बोट ठेवून बसलो.

"निकम," ताई म्हणाल्या, "झाडातून गेलास."

निकम जागीच थांबला. "तुमाला कसं कळलं, ताई?"

"आंब्याला वळसा घालायला तुला आठ पावलं लागतात. आज पाच टाकलीस."

'कसं दिसलं' असं त्याने विचारलं नव्हतं, 'कसं कळलं' असं विचारलं होतं, हे माझ्या आधी ताईंच्या ध्यानात आलं. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. गुरुजींनी घसा साफ केला. "दिवाळीपासून, ताई." "मग बोलला का नाहीत?" "तुम्ही बोलला नाहीत म्हणून." मंडळाला कुणी कळवलं, असं त्यांनी विचारलं. कुणीच नाही. निकम म्हणाला, "शाल-नारळाचं आमाला पण ठाव हाय." आणि ताई इतक्या मोकळ्या हसल्या! "अरे, ते झाड तुम्हाला तरी कुठे दिसतं? त्या बाबतीत आपण सगळे सारखेच. चल, पहिल्यापासून. आठ पावलं."

प्रयोग नाट्यगृहात झाला. शेवटी सगळे नट ओळीने उभे राहिले आणि ताईंना बोलावू लागले. विंगेत मी त्यांचा हात धरला. "सोडा हो ग्रंथपाल. मला रस्ता पाठ आहे." त्या एकट्या निघाल्या. जेमतेम पाच फुटी बाई, तरी आश्रमाच्या दारातून वाकून आल्या. विहिरीला वळसा घातला. आंब्याखाली थांबून त्यांनी वर पाहिलं आणि मग नमस्कार केला. प्रेक्षक आधी हसले, मग टाळ्या थांबेनात. त्यांना वाटलं, बाईंनी गंमत केली. परत आल्यावर ताईंनी एवढंच विचारलं, "टाळ्या बाल्कनीतून पण आल्या ना?"

त्यानंतर त्यांनी आणखी दोन नाटकं बसवली. शाल-नारळ यथावकाश आला. नारळ त्यांनी तालमीत फोडला आणि शाल राजाच्या पोशाखात जमा केली.

गेल्या रविवारी त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. निकम, गुरुजी आणि मी लवकर जाऊन खुर्च्या मांडल्या. न बोलताच मांडल्या. लोक येऊ लागले, खुर्च्या भरल्या, काही जण भिंतीशी उभे राहिले. शाळेचा नवा शिपाई आणखी एक खुर्ची घेऊन आला. मधोमध दोन खुर्च्यांची जागा रिकामी पाहून तो तिकडे वळला. "तिथं नको," निकम हळूच म्हणाला, "विहीर हाय."

शिपायाने एकदा निकमकडे पाहिलं, एकदा त्या रिकाम्या फरशीकडे. मग खुर्ची उचलली आणि वळसा घालून पलीकडे नेली.