एनस्खेडेतला कडू घास

बाबा गेल्याचा फोन सकाळी आला. मी नेदरलँड्समध्ये, एनस्खेडेच्या विद्यापीठात पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होते. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, बाबा गेले गं." मी म्हटलं, "मी येईपर्यंत थांबा. उद्या रात्री पोचते." तर म्हणे, काका थांबायला तयार नाहीत, आजच न्यायचं ठरलंय. अरे, ठरवणारे हे कोण? बाप माझा! मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. त्याने फोन ठेवला.

खोलीत बसवेना म्हणून स्वयंपाकघरात आले. ते आम्हा दोघींत मिळून एकच होतं, मी आणि बीजिंगहून आलेली एक संशोधक. आमचं सख्य यथातथाच. तिच्या डुकराच्या खिम्याला मी नाक मुरडायची, माझ्या हिंगाच्या फोडणीला ती खिडक्या उघडायची. एकदा तिने माझ्या कढईत मांस परतलं, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. त्यानंतर बोलणं कामापुरतंच.

ती टेबलाशी बसली होती. माझा चेहरा बघून तिने काय झालं विचारलं. वडील गेले, मी इंग्रजीत सांगितलं. ती उठली. सायकलची किल्ली उचलून सरळ बाहेर गेली. संताप आला मला. इथे माझा बाप गेलाय आणि ही बया फिरायला निघाली!

ती परतली ती टोकोतून, म्हणजे आशियाई वाणसामानाच्या दुकानातून. पिशवीत मश्रूम, काकडी आणि सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टची बरणी. ती काळपट पेस्ट तेलात मंद आचेवर परतत बसली. हा तिच्या घरचा रविवारचा पदार्थ, झाजियांगमियान. एरवी त्यात खिमा असायचा. जाड नूडल्सवर सॉस ओतून, वर काकडीच्या काड्या घालून तिने बाऊल पुढे सरकवला.

"मांस नाही," ती म्हणाली. "कढई दोनदा घासलीये."

मला अन्नाची शिसारी आली होती. मग तिनेच चॉपस्टिकने नीट कालवून दिलं, लहान मुलाला वरणभात कालवून द्यावा तसं. पहिला खारट घास तोंडात गेला आणि मला हुंदका फुटला. सकाळपासून डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती समोर बसून राहिली, स्वतः काही खाल्लं नाही.

संध्याकाळी भावाचा फोन आला. आवाज पार बसला होता. "झालं सगळं," तो म्हणाला. मला भांडायचं होतं, अजून बरंच बोलायचं होतं. पण तोच पुढे म्हणाला, "आत्या पिठलं-भात घेऊन आली होती. आम्ही सगळ्यांनी कडू घास घेतला. ताई, तुला तिथे कोण देणार गं?"

त्याला नूडल्स काय सांगणार, कपाळ!

"दिला रे," मी म्हटलं. "शेजारणीने. पिठलं-भातच होता."

"बरं झालं," तो म्हणाला. आणि दिवसभर काकांच्या पुढ्यात रडू दाबून उभा राहिलेला माझा भाऊ ढसाढसा रडायला लागला.