मधला भोंगा

निरगुडसरला आमच्या यात्रेत बैलगाडा शर्यतींचे भोंगे लावायचं काम माझ्या वडिलांकडे, दादांकडे होतं. दादा हाडाचे शेतकरी, पण तरुणपणी त्यांनी कुठून तरी एक जुना अँप्लिफायर मिळवला आणि ते काम त्यांना चिकटलं ते चिकटलंच. गाडे पळतात त्या चढाला आमच्याकडे घाट म्हणतात. घाटाच्या कडेनं बांबूवर सहा-सात भोंगे बांधून झाले की दादा मधोमध डोळे मिटून उभे राहायचे. वरून माईकवाला ‘हॅलो, हॅलो’ करायचा आणि दादा एका बांबूकडे बोट दाखवायचे. “त्यो बंद हाय.” जाऊन पाहावं तर तिथली वायर निसटलेली असायची. त्यांचा अंदाज चुकलेला मी कधी पाहिला नाही. एवढं ठाऊक असूनही मी जे करायचं ते केलंच.

मी पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. घरी पाच स्पीकर आणि वर एक सबवूफर असा थाट. त्याला सिनेमे लावायची एक डबी जोडलेली होती, मीडिया प्लेयर. नवी घेतली तेव्हा जुनी मोठ्या तोऱ्यात गावी नेली, सिनेमे भरून दादांच्या टीव्हीला जोडून दिली आणि परत आलो. आठ दिवसांत दादांचा फोन.

“आरं, गाणी लई मोठ्यानं वाजत्यात, पण माणसं काय बोलत्यात ते कायच कळत न्हाई.”

“आवाज वाढवा की.”

“वाढवला की मारामारीत भिंती हलत्यात. ह्यातला एक भोंगा बंद हाय बघ.”

मला हसू आलं. “दादा, टीव्हीला भोंगे नसतात. दोन स्पीकर आहेत, आणि दोन्ही चालू आहेत.”

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी पुरावेच मांडले. बातम्या नीट ऐकू येतात. त्याच डबीतले जुने काळे-पांढरे सिनेमे नीट ऐकू येतात. माझ्याकडे उत्तरं तयार होती. बातम्यावाले ओरडतात, आणि जुने नट स्वच्छ बोलायचे. मी स्वतः पाच मिनिटं बसलो, हातात मोबाईल, सिनेमा आधी पाहिलेला, संवाद तोंडपाठ. मला सगळं कळलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, “मला नगं इचारू, मी नुसती चित्रं बघते.”

मग मी ते वाक्य बोललो. चिडून बोललो, हेही सांगायला हवं. “दादा, डबीला काही झालेलं नाही. तुमचे कान गेलेत.”

मंचरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे, थोडं कमी ऐकू येतं, कानातल्या मशीनची घाई नको. घाई मला होती. मी मशीन घ्यायलाच लावलं. दादांनी ते कानात घातलं. यात्रा जवळ आली तेव्हा ते आपणहून कमिटीकडे गेले आणि म्हणाले, “आवंदा दुसरा माणूस बघा. माझं कान गेलं. पोरगं शिकल्यालं हाय, त्यो म्हणतोय.” हे मला आईनं फोनवर सांगितलं. मी म्हणालो, बरं झालं, या वयात बांबूवर चढायचं कशाला.

दीड वर्षानं आम्ही घर बदललं. नव्या घरात स्पीकरांना जागा नव्हती, म्हणून नवी डबी नुसत्या टीव्हीला जोडली. पहिल्याच रविवारी बायको म्हणाली, “अहो, गाणी केवढ्यानं वाजताहेत आणि बोलणं ऐकूच येत नाही.” तिचे कान तपासावेत असं माझ्या मनातही आलं नाही. मी सरळ सेटिंग उघडलं.

तिथं लिहिलं होतं, स्पीकर पाच अधिक एक. सिनेमाचा आवाज सहा वाटण्यांमध्ये येतो, आणि माणसांचं बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरला जातं. स्पीकर दोनच असतील तर डबीनं मधला आवाज दोन्हीकडे मिसळून द्यायचा असतो. त्याला डाउनमिक्स म्हणतात. पण दोनच स्पीकर आहेत हे तिला सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. ती बिचारी नसलेल्या स्पीकरला बोलणं पाठवत होती. गावच्या डबीलाही मी तेच सेटिंग ठेवून दिलं होतं. जुन्या सिनेमांना वाटण्याच नसतात, म्हणून ते ऐकू येत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल माझा नव्हता, एवढंच.

त्याच आठवड्यात गावी गेलो आणि सेटिंग बदललं. नट बोलायला लागले. दादांनी कानातलं मशीन काढलं, थोडा वेळ ऐकलं.

“म्हंजे बंदच व्हता.”

“हो.”

“मधला?”

“मधला.”

त्यांनी मान हलवली आणि सिनेमा बघत बसले. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, कमिटीला सांगतो, भोंगे पुन्हा तुम्हीच लावा. “ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “मंडपवाला भोंग्यांना बी त्याचीच माणसं आणतोय आता. त्याचा धंदा का मोडायचा?” मी खूप मागे लागलो, पण ते नाहीच म्हणाले.

यंदा यात्रेला आम्ही दोघं घाटाच्या कडेला गर्दीत उभे होतो. मशीन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. माईकवाल्यानं ‘हॅलो, हॅलो’ केलं. दादांनी डोळे मिटले. सवयीनं हात निम्मा वर गेला, आणि खाली आला. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, “वरनं तिसरा बंद हाय ना रं? का माझं कानच?”

मला काहीच कळत नव्हतं. मला सगळीकडून सारखाच गोंगाट येत होता. “थांबा, बघून येतो,” म्हणालो आणि गर्दीतून वाट काढत वर गेलो. वरून तिसऱ्या बांबूखाली उभा राहिलो. माईकवाला ओरडत होता आणि माझ्या डोक्यावरचा भोंगा मुका होता.

पळतच परत आलो. “दादा, बंद आहे!” मी लांबूनच ओरडलो. पण मला वेळ लागला होता, आणि तेवढ्यात त्यांनी खिशातलं मशीन काढून कानात घातलं होतं.