दहाव्याची व्हिस्की

बाबांचं दहावं आम्ही वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर केलं. अलीकडचा काठ गडचिरोलीचा, म्हणजे दारूबंदीचा. नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. पिंडाजवळ बाबांची नेहमीची व्हिस्की ठेवायची आणि तीही कायद्यात राहून, असा काकांचा आग्रह होता. काका घुग्घुसच्या खाणीत होते. त्यांनी जन्मात पाळलेला मला माहीत असलेला हा एकमेव कायदा.

व्हिस्की कुठल्याशा छोट्या कारखान्याची, मास्तरच्या पगारात बसणारी. लेबलवर बर्फाचा डोंगर आणि मोठ्या शिंगांचं हरिण. बंदी आल्यापासून बाबा दर महिन्याला चंद्रपूरहून एक बाटली आणत; शाळेच्या पिशवीत, तपासायच्या वह्यांखाली. पहिल्या घोटाला तोंड वाकडं करत आणि कप माझ्यापुढे धरत. "तू शिकलेला माणूस. चाखून सांग, बरी हाये का बेकार? मले तं काई समजत नाई." मी पुस्तक उचलून दुसऱ्या खोलीत जाई. दहा-बारा वर्षं मी त्यांना उत्तर दिलं नाही आणि याला मी तत्त्व म्हणत होतो.

पिंड मांडले. कावळे बाभळीवर बसून राहिले. मग रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाला आश्वासनं देणं सुरू झालं. काकांनी हात जोडले. "दादा, पोराची काळजी नोको करू. मी हावो न." पोराचे केस तेव्हा पिकायला लागले होते. कावळे हलले नाहीत.

"दादा, आपल्या वावराच्या धुऱ्याचं भांडण म्या आजपासून सोडलं."

एक कावळा उडून आणखी वरच्या फांदीवर गेला.

काकांना बाटलीचाच संशय आला. त्यांनी पिंडाजवळचा कप उचलला, वास घेतला, घोट जिभेवर घोळवला. "लाकडाचा वास येऊन राह्यला. पिंपात मुरवेल माल हाये." खात्रीसाठी आणखी एक घेतला आणि कप पुन्हा भरून ठेवला. इकडे गुरुजींनी कंटाळून दर्भाचा कावळा करायला घेतला.

"थांबा न महाराज," काका म्हणाले, "पोरगा कुठी बोलला अजून?"

माझ्याकडे बाबांचं एकच देणं होतं. मी कप उचलला.

"अबे, तू पेतं?"

आधी स्पिरिट, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या दिव्यात असतं ते. मागून जळक्या साखरेचा गोडवा, मग घशात निखारा. लेबलवर 'निवडक माल्टचं मिश्रण' असं छापलं होतं. निवड झाली त्या दिवशी निवडणारा रजेवर असावा. लाकूड मला सापडलं नाही. असलंच तर खोक्याचं.

मी कप खाली ठेवला. "बाबा, चाखली म्या. बेकार हाये. लय बेकार. तुमाले समजत होतं."

"मेल्या माणसाले असं सांगतेत का बे?" काका ओरडले.

तेवढ्यात एक कावळा उतरला. कपाला वळसा घालून त्यानं भाताला चोच लावली.

त्या व्हिस्कीनंच कावळा आला, असं काका पुढे कित्येक वर्षं लग्नाच्या पंगतीत सांगत. मी कधी खोडून काढलं नाही. त्या दिवशी सगळे नदीत हातपाय धुवायला गेले, तेव्हा कपात उरलेली मी पिऊन टाकली. तोंड आपोआप डावीकडे वाकडं झालं. बाबांचंही डावीकडेच व्हायचं.